शफीभाईंची उतरंड

कंपनीच्या बसमध्ये शफीभाई बुरोंडकर कधी बसले नाहीत. सकाळी कर्जतच्या चारफाट्यावरून बस सुटली, की खालापूर तालुक्यातल्या आमच्या कारखान्याच्या गेटपर्यंत ते उभेच. जागा नसायची असं नाही. मागच्या रांगा रिकाम्याच जायच्या. डाव्या हाताने वरचा दांडा धरायचा, उजवा हात बोलण्यासाठी मोकळा ठेवायचा आणि ड्रायव्हरच्या पाठीपासून मागच्या काचेपर्यंत ये-जा करायची. पळसदरीच्या वळणावर एखादा नवा माणूस त्यांना सावरायला हात पुढे करी. शफीभाई त्याच्याकडे असे बघत, की तो हात मागे घेई.

घरीही तेच. त्यांच्या पत्नी रुकय्याभाभी म्हणत, "ह्यांना वाढायचं म्हंजे ताट घेऊन मागं फिरायचं. निकाहाला काझींनी बसवलं म्हणून बसले, नायतर तो पण उभ्यानंच उरकला असता."

मी वैद्य, त्याच कारखान्यात हिशोबाच्या खात्यात. कंत्राटी कामगारांची हजेरी आणि ठेकेदारांची बिलं माझ्याकडे. शफीभाई फॅब्रिकेशन शॉपचे सुपरवायझर. रसायनं साठवायच्या स्टीलच्या टाक्या आम्ही बनवतो. पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा, घासायचा, हे सगळं त्यांच्या देखरेखीखाली चाले. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे होते. घराणं मूळ किनाऱ्याकडचं, पण आजोबांच्या वेळेपासून कर्जतला स्थायिक. कामात चोख होते. तरी कारखान्यात त्यांचं नाव झालं ते टाक्यांमुळे नाही, उतरंडीमुळे.

त्याची सुरुवात एका अमेरिकन इंजिनिअरने केली. कंपनीत तेव्हा अमेरिकेचा पैसा होता आणि नवी मशिनं बसवायला हा गृहस्थ दोन वर्षं इथे राहिला. तिकडच्या फुटबॉलचं त्याला वेड होतं. त्या खेळाला फुटबॉल म्हणतात, पण चेंडू लांबट असतो आणि तो हातात घेऊन पळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. व्यावसायिक संघ बत्तीस. मोसम सप्टेंबरात सुरू होतो, आणि त्याआधी ऑगस्टमध्ये तिकडे सगळे पहिल्यापासून बत्तिसाव्यापर्यंत संघांची क्रमवारी लावून वाद घालतात. इंजिनिअरने कॅन्टीनमध्ये एक लोखंडी बोर्ड लावला, प्रत्येक संघाच्या नावाची चुंबकाची पट्टी केली आणि प्रत्येक खात्याला आपापली क्रमवारी लावायला सांगितलं. साहेब म्हणतो म्हणून सगळ्यांनी लावली. साहेब परत गेला आणि सगळ्यांनी सोडली. शफीभाईंनी सोडली नाही. ह्या क्रमवारीलाच ते उतरंड म्हणत.

त्यांना तो खेळ आवडायचं कारण मी विचारलं होतं. म्हणाले, "वेल्डिंगसारखा हाय. एक टाका मारायचा, थांबायचं, बघायचं, मग पुढचा. तुमच्या क्रिकेटात मानूस दिवसभर उभा असतो आन् करतो काय, ते त्यालाच ठाऊक नाय."

तिकडच्या शहरांची नावं शॉपमध्ये कुणाच्या तोंडी बसेनात. तेव्हा शफीभाईंनी बत्तीस पट्ट्यांवर आपल्याकडच्या बत्तीस गावांची नावं चिकटवली, प्रत्येक संघाचा स्वभाव बघून. दर वर्षी महागडे खेळाडू आणणारा आणि दिवाळीनंतर ढेपाळणारा संघ झाला नेरळ. "दर साली नवा टॉवर," ते सांगत, "वरच्या मजल्यावर पानी चढतं का, ते डिसेंबरात कळंल." बचाव पक्का पण चमक नाही, असा संघ कडाव. ज्याच्याकडे कालपर्यंत कुणी बघत नव्हतं आणि आता अचानक गर्दी झाली होती, तो शेलू. ह्यानंतर मात्र खेळ न बघणारे लोकसुद्धा बोर्डासमोर उभे राहू लागले. आपलं गाव कितवं, हे बघितल्याशिवाय चहा कुणाच्या घशाखाली उतरेना.

ह्यातून एकदा प्रकरण झालं. कुणीतरी बोर्डाचा फोटो काढला, तो मोबाइलवरून फिरला आणि फिरता फिरता त्याखाली मजकूर लागला की तालुक्यातल्या गावांचे नंबर जाहीर झाले आहेत. कडाव एकोणतिसावं होतं. दुसऱ्या दिवशी कडावचे दोघे जण गेटवर हजर. त्यातले एक दूध डेअरीचे तात्या, पांढरी टोपी, हातात फोन. पाणी आहे, रस्ता आहे, डेअरी आहे, मग एकोणतीस नंबर कुणी दिला, असं ते वॉचमनला विचारत होते. वॉचमनने शफीभाईंना बोलावलं. आता हा माणूस सरळ सांगेल ना, की बाबांनो, हा अमेरिकेतला खेळ आहे. त्यांनी आधी एकोणतिसाव्या नंबरची बाजू मांडली.

"डावीकडचा बचाव गेला तुमचा," ते म्हणाले. "दोन मानसं जखमी हायेत. नवीन आनलीच नाय."

तात्यांनी सोबतच्या माणसाकडे पाहिलं. "कोन जखमी रं?"

चहा आणि खुलासा कॅन्टीनमध्ये झाला. तात्या निघताना म्हणाले, "टीम कोनाची बी असूं दे, भाई. नाव आमचं हाय. पंचवीसच्या आत घ्या."

शफीभाई म्हणाले, "नाव बदलीन, नंबर नाय बदलनार." आणि खरंच पट्टीवरचं कडाव काढून तिथे बुरोंडकर असं स्वतःचं आडनाव चिकटवलं. तो संघ त्या वर्षी खरोखरच तळाशी राहिला.

दोघांना एक नंबर द्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. बरोबरी म्हणजे लावणाऱ्याने अंग काढून घेणं, असं त्यांचं मत. हा नियम ते घरीही पाळत. एका ईदला तिन्ही भावांच्या घरची बिर्याणी एकत्र जेवताना कुणीतरी विचारलं, कुणाची चांगली. शहाणा माणूस तिघींना छान म्हणून पुढचा घास घेतो. ह्यांनी पहिली, दुसरी, तिसरी सांगितली, कारणांसकट. रुकय्याभाभी दुसऱ्या आल्या. पुढचे काही दिवस शफीभाई कॅन्टीनमध्ये जेवले, आणि तिथल्या भाज्यांचाही क्रम लावला.

माणूस हुशार होता म्हणून क्रम बरोबर येई, असं मात्र कुणी समजू नये. मला आकड्यांची खोड आहे. एकदा मी त्यांच्या तीन वर्षांच्या उतरंडी आणि मोसमाअखेरची खरी स्थिती समोरासमोर मांडली. दर संघामागे सरासरी सात-आठ घरांची चूक निघाली. डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या, तर दहा-अकरा घरांची निघाली असती. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तीन घरांची अक्कल हाय माझ्याकडं. वाईट नाय."

पण मग त्यांनी खोदून विचारलं, चुका कुठे जास्त. मी दाखवलं. ज्या संघाचा मुख्य खेळाडू मागच्या मोसमात जायबंदी होता आणि आता बरा होऊन परतला होता, त्याला ते दर वेळी खूप खाली टाकत. मागच्या वर्षीचा मार त्यांच्या डोळ्यांपुढून जात नसे. त्यांना हे पटलं. पुढच्या ऑगस्टला त्यांनी पुन्हा तेच केलं.

अशात कंपनीची मालकी बदलली आणि तळेगावहून रानडे नावाचे नवे प्लांट हेड आले. ऑर्डरी कमी झाल्या होत्या. शॉपमधल्या सव्वीस कंत्राटी माणसांतली सहा कमी करायची ठरली. ऑगस्टचाच महिना होता. शफीभाई बोर्डावर पट्ट्या लावत असताना रानडे साहेब कॅन्टीनमध्ये आले, बोर्ड बघून हसले आणि म्हणाले की क्रम लावणारा माणूस घरातच असताना बाहेर कशाला जायचं. सव्वीस जणांची पहिल्यापासून शेवटपर्यंत यादी आठवड्यात द्या. बोर्डावर तेव्हा बारा पट्ट्या लागल्या होत्या. उरलेल्या वीस शफीभाईंनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. त्या तिथेच राहिल्या.

त्या आठवड्यात बसमध्ये त्यांच्या फेऱ्या वाढल्या. बोलणं बंद. कुणी मुद्दाम विचारलं, भाई, नेरळ कितवं, तर ऐकू न आल्यासारखं करत. गुरुवारी ते माझ्या टेबलाशी आले आणि समोर खुर्ची असताना भिंतीपासून कपाटापर्यंत चालू लागले.

"मी नाय दिली यादी, तर काय होईल?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. साहेबांनी माझ्याकडून हजेरीचे तक्ते मागवून ठेवले होते. यादी आली नाही, तर ज्यांचे खाडे जास्त ते जातील.

"म्हंजे बाळू भगत जाईल."

बाळू शॉपमधला सगळ्यात चांगला वेल्डर. त्याची दोन एकर भातशेती आहे. लावणीला आणि कापणीला तो हमखास घरी राहतो. हजेरीच्या तक्त्यात त्याचा नंबर तळाशी होता. मी मान हलवली.

"आन् मी लिवली, तर मी लिवली," शफीभाई म्हणाले. "अमेरिकेतल्या टीमा मी दर साली चुकतो, वैद्य. त्यांना पत्ता पन नसतो, की कर्जतला कोन शफी हाय. इथं सव्वीस जन मला सलाम करून कामाला लागतात."

मी त्यांना सल्ला दिला नाही. शुक्रवारी त्यांनी यादी लिहिली आणि दिली. त्यांच्या मते, आपण हात वर केले असते तर काम न बघणाऱ्याने नुसते आकडे बघून माणसं काढली असती. पण एक गोष्ट त्यांनी स्वतःहून केली. शनिवारी सकाळी शॉपमध्ये उभं राहून सांगितलं, की ज्यांची नावं खाली आहेत त्यांच्याकडे मी स्वतः येईन आणि कारण तोंडावर सांगेन. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ज्याच्याकडे मी आलो नाही, तो राहिला.

ते सहाही जणांकडे गेले. पाच जणांनी ऐकून घेतलं. त्यातल्या एकाने शिवी दिली, ती शफीभाईंनी ऐकून घेतली. सहावा कशेळ्याचा दिनेश. वय तिशीच्या आतबाहेर, वेल्डर. मागच्या थंडीत त्याचा उजवा हात भाजला होता आणि त्यानंतर त्याचं काम मंदावलं होतं. शफीभाईंनी त्याला तेच सांगितलं, की जोड चांगला असतो पण दुसऱ्याच्या निम्मा होतो.

दिनेशने हातमोजा काढला. मूठ मिटली, उघडली.

"हात बरा झाला, भाई," तो म्हणाला. "पाऊस लागायच्या आधीच झाला. तुमी बगितला कवा?"

हे मला दिनेशने नाही, शफीभाईंनीच सांगितलं. सांगताना स्वतःची मूठ तशीच मिटून उघडून दाखवली.

ते तडक रानडे साहेबांच्या केबिनमध्ये आले. मी तिथे बिलांवर सह्या घेत होतो. शफीभाई म्हणाले, माझी चूक झाली, दिनेश खालच्या सहांत बसत नाही, तो मधे कुठेतरी येईल. साहेब शांत माणूस. म्हणाले, काही हरकत नाही, तो वर गेला की सातवा आपोआप सहावा होईल. त्याचं नाव द्या.

यादीचा नियम असाच होता. शफीभाईंचा स्वतःचाही तोच. पण तोवर जेवणाची सुट्टी झाली होती. त्यांच्या हिशोबातला सातवा, महेश, त्याच्याकडे शफीभाई गेले नव्हते म्हणून तो वाचला होता, आणि त्याने घरी फोन करून बायकोला तसं सांगितलंही होतं. शब्द शफीभाईंचा होता. ते खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. साहेबांनी दोनदा खुर्ची दाखवली.

शेवटी ते म्हणाले, "साहेब, त्या खेळात एक कायदा हाय. जी टीम शेवटी येते, तिला पुढच्या साली नवीन खेळाडू निवडायचा पहिला मान देतात. पहिल्या नंबरवाल्याला सगळ्यात शेवटी. तुमी उतरंड तिथली घेतली, मग कायदा पन तिथला घ्या. पुढं शॉपात जागा निघाली, तर पहिलं बोलावनं दिनेशला. बाकीचे पाच त्याच्या मागं."

रानडे साहेब हसले. खेळाचं त्यांना कौतुक वाटलं असावं. ठीक आहे, म्हणाले, निघाली जागा तर पहिला दिनेश. मी तिथे होतो, शब्द मी ऐकला.

दिनेश त्या महिन्याअखेर गेला. नेरळला नव्या इमारतींना खिडक्यांच्या जाळ्या बसवायचं काम त्याला मिळालं; कधी असे, कधी नसे. त्याच्या घरच्यांनी शफीभाईंशी बोलणं सोडलं. शॉपमध्येही काही जण म्हणू लागले की भाईंनी स्वतःची मर्जी बघितली. शफीभाईंनी मात्र दर सोमवारी सकाळी पंचिंग केलं की आधी साहेबांच्या केबिनच्या दारात जायचं आणि विचारायचं, जागा निघाली का. साहेब आधी हसून नाही म्हणत. मग नुसतं नाही म्हणत. पुढे पुढे त्यांच्या पावलांचा आवाज आला की आतूनच "नाही" ऐकू येई.

पुढच्या आषाढात जागा निघाली. ठेकेदाराने बाहेरून एक मुलगा आणायचं ठरवलं होतं आणि साहेबांनी मान्यही केलं होतं. शफीभाईंना कळलं तसे ते केबिनमध्ये गेले आणि तिथेच राहिले. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. एकदा म्हणाले, तुम्ही बोलला होता, आणि मग भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत राहिले. साहेबांनी फोन घेतले, चहा प्यायला, बाहेरून आलेल्या दोघांशी बैठक केली. ह्यांच्या फेऱ्या चालूच. ते दोघे बिचारे मान वळवून वळवून बोलत होते. जेवणाच्या आधी साहेब म्हणाले, "बोलवा त्याला. आणि देवासाठी आता तरी बसा."

बोलवायला फोन पुरला असता. शफीभाईंना ते पटेना. रविवारी कशेळ्याला जायला त्यांनी मला स्कूटरवर मागे घेतलं; स्कूटर तेवढी त्यांना बसून चालवावी लागे. दिनेशच्या घरी त्यांना एकट्याने दारात उभं राहायचं नसावं. पाऊस तेवढ्यापुरता थांबला होता, दोन्ही बाजूंना चिखलणी चाललेली. दिनेश अंगणात मोटरसायकलची चेन घट्ट करत होता. त्याने आम्हाला या म्हटलं, बसा म्हटलं. मी बसलो. त्याची आई दारातून एकदा बघून आत गेली.

शफीभाईंनी जागेचं सांगितलं. उद्यापासून ये, बस नेहमीची, चारफाट्यावरून. दिनेशचा पाना थांबला नाही. तसंच काम करत तो म्हणाला, "आता मी कितवा, भाई?"

गोठ्यापासून तुळशीपर्यंत जाऊन शफीभाई परत आले. ज्या माणसाकडे कॅन्टीनच्या भाज्यांपासून भावजयांपर्यंत सगळ्यांचा नंबर तयार असायचा, त्याला इतका वेळ लागलेला मी पाहिला नव्हता.

"ते आधी नाय सांगनार," ते म्हणाले. "आधी सांगून बघितलं मी."

दिनेशने चेन फिरवून पाहिली. "बगतो," म्हणाला. चहा आला, त्याच्या आईनेच आणून दिला. शफीभाईंनी तो उभ्यानेच घेतला.

दिनेश सोमवारी आला नाही. मंगळवारी आला आणि आजही शॉपमध्ये आहे. सोमवारी त्याच्याकडे लावणीची माणसं ठरलेली होती, एवढंच कारण. सप्टेंबरात शफीभाई निवृत्त झाले आणि पुढे रुकय्याभाभींना घेऊन श्रीवर्धनकडे मूळ घरी राहायला गेले. फोन करतो तेव्हा बोलण्यामागे चालल्याची धाप ऐकू येते. निरोपाच्या दिवशी मी त्यांना हार घातला, फोटोही आहे. पण त्यांची आठवण निघाली की मला तो फोटो दिसत नाही. तो सोमवार दिसतो. कारण मंगळवार त्या दिवशी त्यांना ठाऊक नव्हता.

बस चारफाट्यावर उभी होती. सुटायची वेळ होऊन गेली होती. शफीभाईंचा एक पाय बसच्या पायरीवर, एक रस्त्यावर, हात दाराच्या दांड्याला, तोंड कशेळ्याच्या रस्त्याकडे. आतून लोक पंचिंगची आठवण करून देत होते. ड्रायव्हरने इंजिन दोनदा फुरफुरवलं आणि म्हणाला, "भाई, आत तरी या, नायतर खाली तरी उतरा."

ते खाली उतरले. दारावर थाप मारून त्यांनी बस सोडली.

मी मागच्या रांगेत होतो. काचेतून ते दिसत होते. चहाच्या टपरीपासून ते कशेळ्याच्या रस्त्याला लागत, थोडं चालत, वळून टपरीशी येत, पुन्हा जात. छत्री होती, पण उघडली नव्हती. बस खोपोलीच्या बाजूला वळेपर्यंत मी बघत होतो. प्रत्येक फेरीला ते त्या रस्त्यावर मघापेक्षा थोडं पुढे जाऊन वळत होते.